फुलेऱ्याची टाकी आणि माळव्याचा तंबुरा

सहलीचा आराखडा तहातून ठरला. 'पंचायत' आणि 'गुल्लक' या हिंदी वेब मालिका जिथे चित्रित झाल्या ते ठिकाण मला बघायचं होतं. धाकट्या भावाला सीरियल या प्रकाराचंच वावडं. त्याचा दिवस कानात बोंडं घालून बँड ऐकण्यात जातो, आणि एखाद्या बँडचं नाव माझ्या कानावर आलं की तो बँड बिघडला असं तो धरून चालतो. नकाशा उघडल्यावर कळलं, की आमची दोघांची वेडं मध्य प्रदेशात एकाच रस्त्याला लागून आहेत. भोपाळहून इंदूरकडे निघालं की आधी सीहोर, तिथे पंचायतचं गाव. पुढे देवास, आणि त्याच्या आसपास कबीर गाणारी माळव्यातली गावं, जिथली भजनं कबीर कॅफे हा बँड गातो. थोडी वाट वाकडी केली की नर्मदा, म्हणजे इंडियन ओशन या बँडच्या गाण्यातली नदी. जानेवारी संपत आला होता, थंडी टिकून होती. निघालो.

पहिला दिवस : भोपाळ

धुक्यामुळे गाडी उशिरा पोचली, त्यामुळे सकाळचे पोहे दुपारी खाल्ले. सोबत जिलबी. पोह्यांवर शेव इतकी, की खाली पोहे आहेत हे चार घासांनंतर कळतं.

'गुल्लक'चं घर शोधायचा माझा बेत नव्हताच. मिश्रा कुटुंबाचं शहर मालिकेत कुठेच नीट सांगितलेलं नाही, आणि तीच तिची गंमत आहे. पण जुन्या भोपाळमध्ये शिरल्यावर प्रत्येक दुसरं घर त्यांचं वाटायला लागतं. गच्चीवर वाळत टाकलेल्या रजया, जिन्याखाली लावलेली स्कूटर, शेजारणीचा आवाज तीन घरं ओलांडून येणारा. माझ्या मते या मालिकेचा सगळा डोलारा गीतांजली कुलकर्णींच्या शांती मिश्रावर उभा आहे. आपली मराठी बाई, पण हिंदी पट्ट्यातल्या आईचं ते करवादणं, ताट आपटण्याआधी अर्धा क्षण थांबणं, कुठेही उसनं वाटत नाही. थोरल्या अन्नूला नोकरी लागते तो तिसरा सीझन सर्वांत चांगला. चौथ्यात धाकटा अमन वयात येतो, तिथे मला जरा उपदेशाचा वास आला. भावाला हे सगळं ऐकवत होते. तो 'हं हं' करत होता.

चौकाजवळ एका टपरीवर सुलेमानी चहा घेतला. हा चहा खारट असतो हे माहीत होतं, तरी पहिल्या घोटाला जीभ दचकते. दुधाचा, दाट, गोड आणि त्यात मिठाची कणी. टपरीवाल्या चाचांनी आमच्या तोंडाकडे बघून न विचारता दुसरा पेला भरला. "पहली वाली तो पहचान की होती है, पीने वाली दूसरी है," म्हणाले. दुसरा खरंच आवडला.

संध्याकाळी भारत भवन. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू १९८२ साली सुरू झाली. ती जमिनीतून वर येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी तलावाकडे उतरते, त्यामुळे आत शिरताना समोर इमारतच दिसत नाही. (सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस धरा.) बड्या तलावाच्या काठावर कॉलेजची पोरं गिटार घेऊन बसली होती आणि द लोकल ट्रेनची गाणी म्हणत होती. भाऊ एकदम जिवंत झाला. गायक रमण नेगी २०२२ मध्ये त्या बँडमधून बाहेर पडला, तेव्हापासून हा सुतक पाळतोय. पोरांमध्ये जाऊन बसला, त्यांच्याशी वाद घातला, परत येऊन म्हणाला, "ताई, सूर कच्चे आहेत, पण शब्द एकही चुकला नाही त्यांचा." त्यांनी नंतर प्रतीक कुहाडचं काहीतरी सुरू केलं. मला त्याच्या गाण्यांनी झोप येते, म्हणून मी कणीस घ्यायला उठले.

दुसरा दिवस : महोडिया, म्हणजेच फुलेरा

सीहोर भोपाळपासून तासाभरावर. तिथून आत वळलं की दोन्ही बाजूंना गहू. सीहोरच्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही गेलो तेव्हा तो पोटरीला येऊन हिरवागार उभा होता. मालिकेत दिसणारा पिवळट, धुळीचा फुलेरा डोळ्यांत घेऊन जाल तर या दिवसांत गाव ओळखू येणार नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच: 'पंचायत' एप्रिल २०२० मध्ये आली. सगळे घरात कोंडलेले असताना एक शहरी मुलगा नाइलाजाने खेड्यात पंचायत सचिव म्हणून जातो ही गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली. गोष्टीतलं फुलेरा उत्तर प्रदेशात, बलिया जिल्ह्यात. चित्रीकरण मात्र इथे, सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात.

गाडीतून उतरलो तर एक शाळकरी मुलगा सायकल आडवी घालून उभा. "सचिवजी वाले हो?" मी हो म्हटलं. त्याने सायकल वळवली आणि न बोलता पुढे निघाला, आम्ही मागे. हे त्याचं रोजचं काम असावं, कारण पहिल्या वळणावर तो स्वतःहून थांबला. "यहाँ से फोटो अच्छा आता है." आणि खरंच, तिथून टाकी दिसत होती.

ती टाकी! पहिल्या सीझनच्या शेवटी सचिव अभिषेक तिच्यावर चढतो आणि त्याला प्रधानाची मुलगी रिंकी पहिल्यांदा दिसते. वर्षभर माझ्या फोनवर त्याच दृश्याचं चित्र होतं. समोर उभी राहिले आणि पहिला विचार आला: एवढीच? गावाला पाणी देणारी साधी काँक्रीटची टाकी, खांबांवर ओल उतरलेली, खाली एक म्हैस बांधलेली. पंचायतीची इमारत पण तशीच. मालिकेत त्या ओसरीवर चौघं बसून दुधी भोपळ्यावर चर्चा करतात तेव्हा जागा ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात चार खुर्च्या टाकल्या की संपली. कॅमेऱ्याने जागेला किती हात दिलाय हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रांबद्दलचा आदर वाढला. भाऊ मात्र हसत सुटला. "या टाकीसाठी आपण आलो?"

प्रधानजींचं घर म्हणून जे दिसतं तिथे खरं कुटुंब राहतं. आम्ही बाहेरूनच पाहून निघत होतो, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी हाक मारली. लसूण सोलत होत्या. बसा म्हणाल्या, आणि बसल्यावर लसणाचा एक गड्डा माझ्याही हातात दिला. चित्रीकरणाच्या दिवसांत काय व्हायचं ते त्यांनी सोलता सोलता सांगितलं. गावातली कुत्री आणि कोंबडे यांना गप्प करण्यासाठी दोन माणसं वेगळी नेमली होती. 'शांत' असा ओरडा झाला की आजींनी मिक्सर बंद करायचा. "चटनी आधी पिसी रह जाती थी." मालिका पाहिली का विचारलं, तर पहिला भाग पाहिला म्हणाल्या, मग नातवाने फोन नेला.

शेजारी बसलेले काका जरा नाराज होते. त्यांचा मुद्दा असा, की इथे प्रधान नसतो, सरपंच असतो, आणि मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. "हमारे यहाँ तो कब से है." मग आवाज खाली करून, "काम भले पति करे." आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका चहा सांगायला उठले. मालिकेत प्रधान मंजू देवी, पण कारभार नवऱ्याकडे. नीना गुप्तांच्या त्या मंजू देवीचा अख्खा प्रवास त्या एका नजरेत होता.

चौथ्या सीझनबद्दल गावात दोन तट दिसले. त्यात निवडणूक होते आणि दुधी भोपळ्याच्या चिन्हावर उभी मंजू देवी प्रेशर कुकरवाल्या क्रांती देवीकडून हरते. सायकलवाला पोरगा उघडपणे कुकरचा. मला स्वतःला तो सीझन लांबलेला वाटला, प्रचाराची तीच ती खोडी परत परत. पण निकालाचा भाग पाहताना घसा दाटला होता हे नाकारत नाही. सुनीता राजवार क्रांती देवी म्हणून जिंकते तेव्हा राग यायला हवा, तर मला 'गुल्लक'मधली बिट्टूची मम्मी आठवून हसू आलं. एकच बाई दोन्ही मालिकांत शेजाऱ्यांचं जगणं अवघड करते.

जाणार असाल तर: सीहोरहून रिक्षा ठरवताना परतीचंही बोलून घ्या, रस्त्यावर सहज वाहन मिळत नाही. घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. टाकीवर चढायचा हट्ट धरू नका, ती गावाच्या पिण्याच्या पाण्याची आहे. आणि गावात खानावळ नाही, जेवण सीहोरला.

तिसरा दिवस : नर्मदापुरम

आजचा दिवस भावाचा. भोपाळहून दक्षिणेला, घाट उतरून बुधनी. बुधनीला रस्त्याच्या कडेला लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी मिळतात. एक माणूस लाकूड कातायच्या यंत्रावर भोवरा फिरवत होता आणि फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवत होता. घासून जी ऊब येते तिने लाख वितळते आणि रंगाचा पट्टा आपोआप बसतो. कुंचला नाही, पाणी नाही. आम्ही दहा मिनिटं तिथेच. भोवरे घेतले, निघालो.

पूल ओलांडला की नर्मदापुरम, पूर्वीचं होशंगाबाद. नाव २०२२ मध्ये बदललं, पण रिक्षावाल्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

इंडियन ओशनच्या 'कंदिसा' या २००० सालच्या अल्बममध्ये 'माँ रेवा' हे गाणं आहे. रेवा म्हणजे नर्मदाच. बँडचे राहुल राम हे नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते, तेव्हा खोऱ्यात ऐकलेलं हे लोकगीत त्यांनी बँडमध्ये आणलं. अमेरिकेतून पर्यावरणाची डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस आंदोलनात जातो आणि तिथून गाणं घेऊन येतो, ही भावाची आवडती कथा. बँडचे असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाशिवायचा इंडियन ओशन भाऊ ऐकतो, पण कुरकुरत.

सेठानी घाटावर संध्याकाळी पोचलो. दगडी पायऱ्या रुंद, अगदी पाण्यापर्यंत. भावाने खास हेडफोन आणले होते. नदीकाठी बसून ते गाणं ऐकायचं अशी त्याची अनेक वर्षांची इच्छा. पायरीवर बसला, हेडफोन चढवले, डोळे मिटले. दोन मिनिटांत काढून ठेवले. मागे बायकांचा एक घोळका बसून रेवामाईचंच काही म्हणत होता. वाद्य म्हणाल तर एकीच्या हातातले मंजिरे. चाल वेगळी, ठेका संथ, मध्येच एकीला खोकला आला म्हणून ओळ दुसरीने उचलली. आम्ही त्यांच्याकडे तोंड करून बसलो. त्यांतल्या एकीने विचारलं, "परिक्रमा वाले हो? महाराष्ट्र से?" मराठी ऐकू आलं की इथे आधी हाच प्रश्न येतो, इतके आपले लोक परिक्रमेला जातात. नाही म्हटल्यावर त्यांना आमचं कोडंच पडलं. गाण्यासाठी आलोय म्हटल्यावर मंजिरे भावाच्या हातात आले. ठेका चुकला की सगळ्या हसायच्या. तो परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता, आणि मग एकदम बोलला: "रेकॉर्डिंगमध्ये तो बेस गिटार आहे ना, तो नदीचा वाटायचा मला. तसा नाहीये. नदीचा आवाजच नाही, एवढी संथ आहे."

माघ शुद्ध सप्तमीला इथे नर्मदा जयंतीची मोठी गर्दी असते. दिव्यांची हौस असेल तर तेव्हा जा, गाणं ऐकायचं असेल तर ते दिवस टाळा.

चौथा दिवस : देवास

सीहोर, आष्टा, सोनकच्छ करत देवास. वाटेत दाल-बाफले. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेली बाटी, आणि तुपात बुडवलेली नाही तर बुडालेली. दोनाच्या पुढे गेलात तर दुपारचा बेत रद्द समजा.

देवासात मराठी ऐकू येतं. पवारांची दोन संस्थानं इथे होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. पण आम्ही आलो ते टेकडीच्या पायथ्याशी असलेलं भानुकुल पाहायला. कुमार गंधर्वांचं घर. १९४८ मध्ये क्षयाने पोखरलेला हा तरुण गवई कोरड्या हवेसाठी देवासला आला. गायची मनाई. काही वर्षं अंथरुणात पडून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची गाणी ऐकत राहिला. बरा होऊन गायला लागला तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी, आणि डोक्यात माळव्याच्या शेकडो धुना. त्या धुनांतून त्यांनी मालवती, सहेली तोडी, लगनगांधार असे राग बांधले, आणि नाथपंथी भजनं मैफलीत आणली.

घर राहतं आहे, त्यामुळे फाटकाबाहेरूनच पाहिलं. आमच्याकडे बाबांच्या कॅसेटमुळे कुमारांचा आवाज घरातल्या माणसासारखा. भाऊ लहानपणी त्यावर नाक मुरडायचा. फाटकाशी उभा राहून म्हणतो, "म्हणजे यांनी लोकगीतावर काम करून नवीन मटेरियल आणलं, घराणं सोडून स्वतःचं केलं, आणि जुने लोक चिडले. ताई, हे इंडीच झालं की." इंडी म्हणजे ठरीव साच्याबाहेर, स्वतःच्या हिमतीवर केलेलं संगीत. पंडितजींच्या चाहत्यांनी दगड मारले असते, पण मला त्याचं म्हणणं चूक वाटत नाही.

मग टेकडी चढलो. वरून सगळं देवास दिसतं, कारखाने धरून. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं.

पाचवा दिवस : लुनियाखेडी आणि एक रात्र

कबीर कॅफे हा मुंबईचा बँड, २०१३ पासूनचा. गिटार, व्हायोलिन, मँडोलिन, ड्रम्स आणि शब्द कबीराचे. नीरज आर्यने ही भजनं प्रह्लादसिंह टिपानियांच्या गाण्यावरून घेतली हे तो मोकळेपणाने सांगतो. टिपानियाजी लुनियाखेडीचे, उज्जैन जिल्ह्यातल्या तराना तालुक्यातलं हे गाव. पूर्वी पेशाने शाळामास्तर, २०११ मध्ये पद्मश्री. कोणाला कळवून गेलो नव्हतो, त्यामुळे त्यांची भेट मागायचा प्रश्नच नव्हता. गाव बघायचं, एवढंच.

गावात शिरताना हरभरा आणि लसणाची शेतं, रस्त्यावर ट्रॉल्या. कबीर स्मारकाजवळ थोडं थांबलो. चहाच्या दुकानात एका दादांशी बोलणं झालं. ते शेजारच्या गावचे, भजन मंडळीत ढोलक वाजवतात. आज रात्री आमच्याकडे बैठक आहे, या म्हणाले. नातेवाइकाला बोलवावं इतक्या सहज.

गेलो. कोणाच्या तरी अंगणात सतरंजी, एक पिवळा बल्ब, शेकोटी. गाणारे साधारण साठीचे, शेतकरी. तंबुरा पाच तारांचा, उभा धरलेला. मी जवळ बसून पाहत होते. एका हाताने तार छेडायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात करताल, म्हणजे सूर एका हातात आणि ठेका दुसऱ्या हातात, आणि गळा तिसरंच काम करतोय. नखाच्या जागी बोटाला तारेची अंगठी होती, आणि तंबुऱ्याच्या लाकडावर जिथे मनगट टेकतं तिथला रंग पार उडालेला.

'हलके गाडी हाँको' सुरू झालं आणि भाऊ ताठ बसला. हे त्याला पाठ, कबीर कॅफेचं. पण इथे गाणं चार ओळींनंतर थांबलं. गाणाऱ्या काकांनी करताल खाली ठेवली आणि विचारलं, ही गाडी कुठली? एक जण म्हणाला शरीर. दुसरा म्हणाला, शरीर गाडी तर हाकणारा कोण? पाचसात मिनिटं यावर चांगला वाद झाला, एक आजोबा चिडलेसुद्धा. मग पुन्हा तंबुरा. नव्वदच्या दशकात एकलव्य या संस्थेने देवासला कबीर भजन आणि विचार मंच चालवला होता, तिथे मंडळ्या जमून गायच्या आणि चर्चा करायच्या. आमचे ढोलकवाले दादा लहान असताना वडिलांबरोबर तिथे जात. गाणं थांबवून भांडायची सवय तिथे पक्की झाली, असं त्यांचं म्हणणं.

भावाने त्यांना फोनवर कबीर कॅफेचं गाणं ऐकवलं. मला धाकधूक होती. काकांनी पूर्ण ऐकलं, व्हायोलिनच्या तुकड्याला मान डोलावली, आणि म्हणाले, "अच्छा है. जल्दी में है, पर अच्छा है." भावाला हे फारच लागलं आणि फारच आवडलं, त्या दिवसापासून कुठलंही गाणं ऐकलं की तो आधी ते 'जल्दी में' आहे का बघतो.

मध्यरात्र उलटली तरी बैठक चालू होती. थंडीने माझे पाय गार पडले. घरातल्या ताईंनी माझ्या अंगावर रजई टाकली आणि विचारलं, "मोबाइल में क्या देखती हो तुम?" मी पंचायतची गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, सचिव आणि प्रधानाच्या मुलीचं लग्न झालं का. अजून नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, चार सीझन झाले ना?

सूचना: या गावांत लॉज नाहीत, मुक्काम देवास किंवा उज्जैनला. बैठक कुठे आहे हे आधी कळत नाही, चहाच्या दुकानात विचारावं लागतं. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून, आणि जाताना गूळ-चहापत्ती असं काही न्या. पैसे पुढे केले तर वाईट वाटतं.

सहावा दिवस : इंदूर

झोप झालेली नव्हती. छप्पन दुकानला सकाळ, सराफ्याला रात्र. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याचे गाडे लागतात. थंडीत गेलात तर गराडू सोडू नका: कंदाच्या फोडी तळून वर जीरावन मसाला आणि लिंबू. भुट्टे का कीस मला गोडसर लागला. एका गाड्यावर मालक 'पंचायत' लावून बसला होता, प्रधानजींच्या विरोधकाचा, म्हणजे बनराकसचा प्रसंग, आवाज पूर्ण मोठा. मी थांबले, भाऊ पुढे गेला. मग तोही परत आला आणि मागे उभं राहून अख्खा प्रसंग पाहिला. "हा माणूस बरा आहे," म्हणाला. बनराकस करणाऱ्या दुर्गेश कुमारला माझ्या भावाकडून मिळालेली ही पदवी.

जाण्यापूर्वीची तयारी म्हणाल तर 'पंचायत'चे पहिले दोन सीझन पुरेत, दुसऱ्याचा शेवटचा भाग प्रवासात पाहू नका, डोळे पुसायला रुमाल कमी पडतो. 'कंदिसा' सलग ऐका. कबीर कॅफेचा 'पंचरंग' गाडीत लावा, आणि टिपानियाजींची मूळ भजनं त्यानंतर, परतीच्या वाटेवर. आधी ऐकलीत तर बँड ऐकवणार नाही. भावाचं मत याच्या बरोबर उलटं आहे, आणि त्यावरून इंदूर स्थानकावर आमचं झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.